तपकिरी वायर

अकरा हजार व्होल्टच्या खांबांवर एकतीस वर्षं चढलो.
मठ, तुळस, होडावडे.
वादळ ओसरल्यावर कुठल्या वाडीत आधी उजेड जाणार
ते माझ्या पकडीवर ठरायचं.
आता ही बारा व्होल्टची बया
चार दिवस मला अंगणात उकिडवा बसवून आहे.

पंचाण्णवची मर्सिडीज.
पर्वरीच्या एका बिल्डरने नव्या स्कूटरच्या भावात दिली,
वर म्हणाला, वायरिंगचं जरा बघा, बाकी राणी आहे.
ते पैसे कुमुदच्या गिरणीचे होते.
तेव्हापासून ताट वेळेवर येतं,
ताटासोबत शब्द येत नाही.

फॉल्ट तसे किरकोळ.
मागची काच रात्री आपोआप उतरते;
परवा सकाळी चामड्याच्या सीटवर आमची तुरेवाली कोंबडी,
आणि ती उठली तर खाली अंडं.
घड्याळ सव्वाचारला अडकलेलं.
ब्रेक दाबला की मागचा दिवा लागत नाही,
त्याऐवजी एरियल वर येते,
उत्तर येत असलेल्या पोराच्या हातासारखी.

फ्यूज जुन्या तऱ्हेचे, चिनी मातीचे,
खडूचे उरलेले तुकडे जसे.
एकेक बोटाने जागच्या जागी फिरवला.
बंदरावरचं खारं वारं आत येऊन बसलं होतं,
तेवढं खरवडलं गेलं.
काच शहाणी झाली.
घड्याळ नाही.

ब्रेकचं काम मात्र एकट्याचं नव्हे.
एकाने दाबायचा, दुसऱ्याने मागे बघायचं.
शेजारचा पास्कू जाळी घेऊन गेलेला.
मी कोणाला हाक मारली नाही,
नुसतं ड्रायव्हरकडचं दार उघडं ठेवलं
आणि डिकीत डोकं घातलं.
बऱ्याच वेळाने गाडी किंचित खाली बसली.

"दाब."
"दाबलंय."
"सोड."
"सोडलंय. पेटलो?"
"नाय. परत दाब."
"आता?"
"आता एरियल इली."
गेल्या पंधरवड्यात
एवढं बोलणं झालं नव्हतं आमच्यात.

आमच्या खात्यात अर्थची वायर हिरवी.
जर्मनांनी ती तपकिरी ठेवली आहे, मातीच्या रंगाची,
हे मला आवडलं.
ती धरून धरून गेलो
चटईखालून, जॅकच्या खाचेतून,
डाव्या दिव्यामागच्या एका बोल्टपर्यंत.
बोल्टवर मीठ फुललेलं, हिरवट पांढरं.
म्हणजे करंट येत होता नीट,
परत जायला त्याला वाट नव्हती.
मग तो दुसऱ्यांच्या तारांत घुसायचा,
एरियलच्या मोटारीतून घर शोधायचा.

"काय गावला?" पुढून आवाज.
"अर्थ नाय हिका."
"ता माका गाडी इली त्याच दिवशी कळलां."

डिकीत वाकलेल्या माणसाला हसता येत नाही,
झाकण डोक्याला लागतं.
लागलं.

पॉलिश पेपर, दहाचा पाना, बोटभर व्हॅसलीन.
"दाब."
मागचा गडगा चिऱ्याचा, मुळातच तांबडा,
त्यावर आणखी तांबडं सांडलं.
शेवाळाच्या रेघासुद्धा दिसल्या.
"सोड," मी म्हटलं.
सोडला नाही तिने.
"रव जरा," म्हणाली, "आरशात दिसता."

हात पुसून मी शेजारच्या सीटवर बसलो.
दार ओढलं.
या गाडीत दार मिटलं तरी आतला दिवा
लगेच जात नाही, थोडा थांबतो.
त्या थोड्यात तिच्या हाताला लागलेली राख दिसली,
स्टिअरिंगवर पाच बोटांत.

मग तो गेला.

"गिरणीक थ्री फेज लागता मां?" तिने विचारलं.
"तीन फेज, एक न्यूट्रल,"
मी म्हटलं, "आणि अर्थ."
"तो आधी जोड," ती म्हणाली.

समोर काळोखात हिरवे आकडे.
सव्वाचार.